परक्याचे सोंग कोणाला द्यायचे?

दिवाळीच्या अंकात गोडाबरोबर थोडे तिखटही चालते, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या रीतीचा आधार घेऊन मी आज अशा एका विषयावर भांडायला उभा आहे, की ज्याला आमचे सभ्य समीक्षक हात लावायला तयार नसतात. आकाशातून उतरणारे परके जीव, त्यांच्याशी सरकारने केलेला गुप्त करार, रात्री-अपरात्री नाहीशी होणारी माणसे, आणि या साऱ्या भीषण प्रकारात मधूनच फुटणारे काळे हसू, अशा मालिकांचा तो विषय. या मालिका चांगल्या की वाईट, हा माझा मुद्दा नाही. त्यांत विज्ञान किती आणि थाप किती, याचाही हिशेब मी मागणार नाही. माझा प्रश्न एकच आहे आणि तो नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडात पूर्वी रोज विचारला जाई: सोंगे वाटली कशी? राजा कोण झाला, राक्षस कोण झाला, आणि राक्षसाने खाल्लेली माणसे कोण झाली?

हा प्रश्न पुष्कळांना क्षुल्लक वाटेल. नटसंच म्हणजे जाहिरातीची बाब, असे समजण्याची आपल्याला सवय झाली आहे. मला मात्र असे वाटते की, कटकारस्थानाच्या गोष्टीत लेखकाचे तत्त्वज्ञान जवळजवळ ठरलेलेच असते. वरच्यांनी खालच्यांना विकले, एवढेच त्याचे सार. तेव्हा गोष्टीचा खरा कल कळतो तो पात्रयोजनेत. विकणाऱ्याला चेहरा दिला की विकल्या गेलेल्याला, हे पाहा. मग मालिका कोणाच्या बाजूची आहे हे शेवटचा भाग पाहिल्यावाचूनही सांगता येईल.

एक ठळक उदाहरण घेऊ. ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’ या अमेरिकन मालिकेचे दहावे पर्व २०२१ साली झाले. त्याच्या चार भागांच्या उत्तरार्धाचे नाव ‘डेथ व्हॅली’. त्याच्या कथेचे बीज एका जुन्या अफवेत आहे. १९५४ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष आयझेनहॉवर पाम स्प्रिंग्जला सुटीवर असताना एका संध्याकाळी पत्रकारांच्या नजरेआड झाले. कोंबडी खाताना दाताचे टोपण उडाले म्हणून दंतवैद्याकडे गेले होते, असा अधिकृत खुलासा झाला. अफवाकारांनी ठरवले की दात हे निमित्त. अध्यक्ष परग्रहवासीयांना भेटून आले! एका दातातून एवढे मोठे आकाश काढणाऱ्या प्रतिभेला दाद दिलीच पाहिजे. मालिकेने ती अफवा उचलली. तिच्यातला अध्यक्ष परक्यांशी करार करतो: तुम्ही आम्हांला तंत्र द्या, त्या बदल्यात दरवर्षी आमची काही हजार माणसे न्या. भूतकाळ काळ्यापांढऱ्यात आणि वर्तमान रंगीत. वर्तमानातले चार तरुण विद्यार्थी वाळवंटातल्या सहलीहून परत येतात ते पोटात गर्भ घेऊन, आणि त्यांत मुलगेही असतात. हे वाचून आपण हसलात ना? हसावेच, तशीच योजना आहे.

आता सोंगांची वाटणी पाहा. सारा पॉलसन ही या मालिकेची मुरलेली नटी. तिला दिली अध्यक्षपत्नी मेमी. नील मॅकडॉनो अध्यक्ष, क्रेग शेफर निक्सन, लिली रेब ही बेपत्ता वैमानिक अमेलिया इअरहार्ट. कोडी फर्न हा माणसाच्या रूपातला परका दूत. म्हणजे ज्यांच्या अंगी कसब, ते सगळे वरच्या मजल्यावर. आणि ज्यांच्या देहावर हा करार लिहिला गेला ते चौघे? काइया गर्बर, नीको ग्रीथम, आयझॅक पॉवेल, रेचल हिल्सन अशी तरुण मंडळी. त्यांतली काइया गर्बर ही सिंडी क्रॉफर्ड या जगप्रसिद्ध मॉडेलची कन्या आणि स्वतःही मॉडेल. म्हणजे पळवून न्यायचे ‘सामान्य’ माणूससुद्धा देखण्या घरातूनच निवडायचे! आणि दरवर्षी जाणारी ती हजारो माणसे? त्यांना नावच नाही. ती केवळ आकडा आहेत. पॉलसनबाईंची मेमी पाहताना हसू येते आणि हसता हसता अंगावर काटा उभा राहतो, हे मी मान्य करतो. नटी म्हणून त्यांना माझा नमस्कार. पण त्या हशाने काय साधले? विकणाऱ्यांची गंमत आपल्या लक्षात राहिली आणि विकलेल्यांची दुःखे विसरली गेली. सत्तेवर टीका करायला निघालेली मालिका सत्तेच्या दिवाणखान्यातच चहा पीत बसली.

हे सातासमुद्रापलीकडचे झाले, आपले काय, असे कोणी विचारील. आपले तर त्याहून मासलेवाईक आहे. २०१४ सालच्या ‘पीके’ या हिंदी चित्रपटात परग्रहावरून आलेला जीव राजस्थानात उतरतो. तो इथली भाषा शिकतो ती एका वेश्येचा हात तासन्‌तास धरून, आणि ती भाषा असते भोजपुरी. आमीर खान यांच्या तोंडून ती ऐकताना मुंबई-पुण्याचे प्रेक्षक पोट धरधरून हसले. का हसले? भोजपुरीत हसण्यासारखे काही आहे म्हणून? मुळीच नाही. त्यांच्या इमारतीच्या दाराशी उभा असणारा रखवालदार, त्यांच्या घराला रंग देणारा कारागीर जी भाषा बोलतो ती परग्रहवाल्याच्या तोंडी आल्याबरोबर सगळे कसे जुळून आले! या माणसांना आम्ही मनातल्या मनात परग्रहवासी ठरवलेच होते. चित्रपटाने ते उघड केले. चित्रपटाचा हेतू भला होता, हे मी नाकारीत नाही. पण हेतू भला असूनही बोली परक्याची आणि मानधन मात्र ओळखीच्या ताऱ्याचे, ही वाटणी चुकली नाही.

उलट बाजूही पाहा. २००३ सालच्या ‘कोई मिल गया’ मधला ‘जादू’ भारतातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. त्या निळसर कातड्याच्या आत इंद्रवदन पुरोहित नावाचा ठेंगणा नट होता. २०१४ साली ते वारले. जादूवर जीव टाकणाऱ्या किती मुलांना हे नाव माहीत होते? तेव्हा नियम असा दिसतो: परक्याला चेहरा असेल तर तो ताऱ्याचा, आणि नट खरोखरच परिघाबाहेरचा असेल तर त्याचा चेहरा झाकलेला.

मराठी दूरचित्रवाणीवर परग्रहवाल्याला अजून सवतीएवढा मान मिळालेला नाही. आपल्याकडचा ‘परका’ म्हणजे भूत. तेव्हा भीती आणि हसू एका पानात वाढणारी मराठी मालिका कोणती, असे विचारले तर ‘रात्रीस खेळ चाले’ हेच नाव घ्यावे लागते. झी मराठीवर २०१६ च्या फेब्रुवारीत तिचे पहिले पर्व सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संपले. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला वाडा, मालवणी बोली, आणि ज्यांचे चेहरे मुंबईच्या जाहिरातफलकांवर नव्हते असे बहुतेक नट. शकुंतला नरे यांची माई घ्या. संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतःच पांडू झाले. त्या पांडूचे ‘इसारलंय’ घरोघरी गेले. हा पांडू म्हणजे घरातला अर्धवट गडी, सगळ्यांनी टपली मारावी असा. पण भीतीचा धागा त्याच्याच हातात होता. तो विसरला असे म्हणाला की आपण हसत होतो, आणि तो नक्की काय विसरला या विचाराने घाबरतही होतो. हे कशाने साधले? विद्युत्‌झोताने नव्हे. बोली अंगात मुरलेला माणूस बोलीतच भितो आणि बोलीतच हसवतो, म्हणून साधले. मालवणीत हे सामर्थ्य आहे हे गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ ने १९८० साली मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून सिद्ध केलेच होते.

त्या पहिल्या पर्वाची आणखी एक खुबी सांगतो. घरचा कर्ता अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतो. त्याचा वावर उरतो तो भिंतीवरच्या तसबिरीत. त्याने केलेले अत्याचार भोगतात ती मागे राहिलेली माणसे, आणि पडदा त्या माणसांचा असतो. पुढे काय झाले? २०१९ च्या जानेवारीत दुसरे पर्व आले, मागच्या काळातले. तसबिरीतला अण्णा माधव अभ्यंकरांच्या रूपाने खाली उतरला, अपूर्वा नेमळेकरांची शेवंता आली, आणि दोघांनी रंगमंच जिंकला. अभिनय उत्तम झाला. तक्रार त्याबद्दल नाही. पण तसबिरीतून उतरलेला तो लंपट, जुलमी माणूस प्रेक्षकांचा लाडका झाला. त्याच्या लकबींच्या नकला लग्नाच्या वरातीत होऊ लागल्या. ज्यांनी सोसले ती माणसे मागच्या रांगेत गेली. ‘डेथ व्हॅली’त अध्यक्षांचे जे झाले तेच आकेरीच्या वाड्यात अण्णाचे झाले. अत्याचारी माणसाला उत्तम नट मिळाला की अत्याचार करमणूक बनतो. मालिकेच्या नीतीचा निकाल पटकथेच्या आधी पात्रनिवडीच्या खोलीत लागतो, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता मी वाचकांना कोकणातून घाट चढवून वर नेतो, कारण या वादाची खरी परीक्षा माझ्या मते कागलच्या औद्योगिक वसाहतीत आहे. सरकारी दप्तरात तिचे नाव ‘पंचतारांकित’. तारे पाहण्यासाठी दुर्बीण लावायची गरज नाही. पाच तारे पाटीवरच उतरले आहेत! कागल आणि हातकणंगले या तालुक्यांच्या शिवेवर, कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली या गावांच्या रानात ही वसाहत उभी राहिली. जिथे ऊस होता तिथे सूतगिरण्या, ओतकामाच्या भट्ट्या आणि यंत्रांचे कारखाने आले. त्यांनी रोजगार दिला, हे खरे. बापाची जमीन गेली आणि मुलगा त्याच जमिनीवर ठेकेदाराच्या हजेरीपटात आला, हेही तितकेच खरे. रात्रपाळी सुटते तेव्हा फाटकाबाहेर वडापच्या गाड्यांत कोंबून बसणाऱ्यांत तळंदग्याचा पोरगा असतो आणि बिहार-ओडिशाहून आलेलाही असतो. एकाला दुसरा परका वाटतो, आणि कारखान्याच्या काचेआडून पाहणाऱ्याला दोघेही.

तंत्र घ्या आणि माणसे द्या, हा करार करायला इथे परग्रहावरून कोणी यावे लागत नाही. म्हणूनच परग्रहवासीयांची काळी, हसरी, भीषण मालिका रचायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा मला दिसत नाही. वातावरण उसने आणावे लागणार नाही. वसाहतीच्या कुशीतल्या पट्टणकोडोलीला दिवाळीच्या सुमारास विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. फरांडे बाबा भाकणूक सांगतात, पावसापाण्याचे आणि राजकारणाचे भविष्य वर्तवतात, आणि भंडाऱ्याने आभाळ पिवळे होऊन जाते. एका बाजूला वीज-पाण्याची मोजणी करणारी यंत्रे, दुसऱ्या बाजूला हे पिवळे आभाळ. इतका ऐवज हॉलिवूडवाल्याला मिळाला असता तर त्याने नवस फेडला असता.

पण हीच मालिका उद्या आपल्या वाहिनीने केली तर सोंगे कशी वाटली जातील, ते मी आजच लिहून देतो. नायक असेल व्यायामशाळेत घडवलेला, मिशीला पीळ दिलेला, वाक्यागणिक ‘लई’ घालणारा. ‘तुझ्यात जीव रंगला’ ने २०१६ पासून चार वर्षे ‘चालतंय की’ या एका वाक्यात अख्खा कोल्हापूर जिल्हा बसवला. तोच साचा धुऊनपुसून पुन्हा निघेल. करार करणारा मंत्री आणि कारखानदार यांच्यासाठी रंगभूमीचे दिग्गज येतील. परप्रांतीय कामगार असेल विनोदापुरता, आणि तिसऱ्या भागात परग्रहवाला म्हणून उघडकीस येणाराही तोच! पळवून नेली जाणारी माणसे म्हणून गर्दी पुरवणाऱ्या दलालाकडून रोजंदारीवर शंभर माणसे मागवली जातील आणि त्यांना ‘मागे तोंड करून पळा’ असे सांगण्यात येईल. हा खरा कट आहे. त्याला उडत्या तबकड्या लागत नाहीत.

आणि हे कोणत्या भूमीत? जिथे बाबूराव पेंटर यांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, त्या भूमीत. बाळासाहेब यादवांच्या भीमाने झुंजारराव पवारांच्या कीचकाला मारले तो प्रसंग इतका खरा वाटला, की तो कापावा लागला. आमच्या पडद्यावरची भयकथा तिथून सुरू होते असे मी मानतो. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याच्या त्या काळात पेंटरांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना उभे केले. त्या दोघींना त्यांच्याच समाजाने वाळीत टाकले आणि स्टुडिओच्या आवारात आसरा घ्यावा लागला. खरे सोंग घेणाऱ्याला आपण परके कसे करतो, याचा हा शंभर वर्षांपूर्वीचा दाखला.

कागलच्या मातीने तर याच प्रश्नावर कादंबरी दिली आहे. कागलचे आनंद यादव यांची ‘नटरंग’ १९७८ ची. २०१० साली तिचा चित्रपट झाला. तिच्यातला गुणा कागलकर हा धट्टाकट्टा मजूर, राजाचे सोंग घेण्याचे स्वप्न पाहणारा. फडाला नाच्या हवा असतो, कोणी तयार होत नाही, आणि तो भार गुणाच्या अंगावर येतो. त्याची किंमत तो आयुष्याने मोजतो. राजा व्हायचे कोणी आणि नाच्या व्हायचे कोणी, हे गुणाच्या कलेने ठरवले नाही. गरजेने आणि समाजाने ठरवले. मला कोणी परग्रहाच्या मालिकेची पात्रयोजना करायला बसवले, तर टेबलावर सर्वांत आधी मी ही कादंबरी ठेवीन.

यावर तीन आक्षेप येतील हे मला ठाऊक आहे. पहिला व्यवहाराचा: ओळखीच्या चेहऱ्यावाचून प्रेक्षक येत नाही. याला ‘रात्रीस खेळ चाले’चे पहिले पर्व हेच उत्तर आहे. प्रेक्षक आला, आणि अनोळखी चेहरे ओळखीचे झाले. दुसरा कलेचा: नट म्हणजे परकायाप्रवेश, मजुराचे सोंग मजुरानेच घ्यावे असे म्हणणे म्हणजे कलेचा अपमान. मी तसे म्हटलेलेच नाही. पॉलसनबाईंनी मजुरीण केली तर मी पहिल्या रांगेत बसेन. माझे म्हणणे इतकेच की कसबी नट वर आणि गर्दी खाली, ही वाटणी उलटी करा. मंत्र्याचे काम कोणालाही द्या. मंत्री होणे सोपे असते, हे आपण रोज पाहतोच. पळवल्या गेलेल्या पोराच्या आईचे काम मात्र जो सर्वांत मोठा नट असेल त्याच्या ताकदीचे समजा.

तिसरा आक्षेप अधिक गोड असतो: एवढे मनावर काय घ्यायचे, ही करमणूक आहे! करमणूकच आहे, आणि म्हणूनच मनावर घ्यायचे. व्याख्यानातले आपण फाटकाबाहेर विसरतो, पण हसताना जे आत जाते ते राहते. परग्रहवाल्याच्या तोंडची भोजपुरी ऐकून हसलेला प्रेक्षक दुसऱ्या दिवशी त्याच बोलीतल्या कामगाराकडे कोणत्या डोळ्यांनी पाहतो? गावात चोरी झाली, मूल हरवले, की संशयाचा पहिला दगड कोणाच्या खोलीवर पडतो? कटाच्या गोष्टी संशय शिकवतात. तो संशय वर पाहायचा की शेजारी, हे सोंगांच्या वाटणीने ठरते.

परक्याकडे पाहण्याची दुसरी रीतही आपल्याकडे आहे. जयंत नारळीकर १९३८ साली कोल्हापुरातच जन्मले. ‘प्रेषित’ या कादंबरीत त्यांनी परग्रहाचा विषय मराठीत आणला, आणि प्रयोगशाळेतही तो सोडला नाही. पृथ्वीबाहेरून सूक्ष्मजीव येतात काय, हे पाहण्यासाठी २००१ साली हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले, त्या प्रयोगामागे ते होते. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. परका आला आहे काय, याचे उत्तर त्यांनी नळीत भरलेल्या हवेत शोधले. शेजाऱ्याच्या खोलीची झडती घेऊन नव्हे. मालिकावाल्यांनी विज्ञान नाही घेतले तरी चालेल, एवढी सभ्यता घ्यावी.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. कागलच्या वसाहतीत ही मालिका जरूर करा. तिच्यात हसवा, घाबरवा, मुलग्यांच्या पोटात गर्भही वाढवा. माझी ना नाही. पण नामावलीत पहिले नाव मंत्र्याचे नको, रात्रपाळीहून परत न आलेल्या माणसाचे हवे. त्याला बायको असू द्या, बोली असू द्या, उधारी असू द्या. बिहारच्या कामगाराला त्याची भाषा बोलू द्या आणि ती विनोदाची नसू द्या. तळंदग्याच्या म्हातारीने तबकडी पाहून ‘ह्येनी बी जमीन मोजाय आल्यात काय?’ असे विचारावे, आणि त्या एका प्रश्नावर सबंध महाराष्ट्राने हसावे, मग गप्प व्हावे. आणि ज्याच्या अंगावर रबरी कातडे चढवाल, त्याचे नाव मोठ्या अक्षरांत आणि वाचता येईल इतका वेळ पडद्यावर राहू द्या. एवढे केलेत तर पाटीवरच्या पाच ताऱ्यांहून मोठे तारे कागलच्या फाटकाबाहेर वडापची वाट पाहत उभे असलेले दिसतील.